पाठ नसलेलं यंत्र

साबण तेलकट असतो की नसतो, या प्रश्नावर मी आयुष्यातली एक अख्खी दुपार घालवलेली आहे. जागा सातारा, एका कॉलेजातला बंद पंख्याचा हॉल, आणि वाद घालणारे आम्ही सगळे पदवीधर. एका शाळेच्या पोरांनी आपल्या यंत्राला अंगभर खोबरेल तेल चोपडलं होतं, समोरच्या यंत्राची पकड निसटावी म्हणून. त्यावर आम्ही नियम केला, तेल लावायचं नाही. पुढच्या वर्षी तूप आलं. मग आम्ही ‘तेलकट पदार्थ’ असं लिहिलं आणि स्वतःवरच खूश झालो. त्याच्या पुढच्या वर्षी एका पोरानं कपड्याचा साबण ओला करून फासला आणि मान वर करून विचारलं, “सर, ह्यात तेल कुठं हाय?”

मी विज्ञान शिकवते. साबण तेलापासूनच होतो असं मी सांगून बघितलं. त्यावर एक मुख्याध्यापक म्हणाले, “मग तो तेल घालवतो कसा?” झालं! चहा दोनदा आला, पोहे गार झाले आणि माझी दहिवडीची एसटी गेली.

ही स्पर्धा सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या शाळांची. मुलांनी स्वतः बनवलेली छोटी यंत्रं गोल पाटावर समोरासमोर सोडायची आणि मोबाइलवरून चालवायची. अंतिम लढती एक वर्ष साताऱ्यात, एक वर्ष सांगलीत. मी माण तालुक्यातल्या एका हायस्कूलात शिकवते आणि या स्पर्धेच्या नियम समितीवर आहे. किती वर्षं, ते मोजायचं मी सोडून दिलंय. पहिल्याच बैठकीत मी तोंड उघडलं, एवढाच माझा गुन्हा. तेव्हापासून हे लोढणं गळ्यात आहे.

सगळा घोळ भाषांतरापासून सुरू झाला. मूळ नियम बाहेरून कुठून तरी इंग्रजीत आले होते. ते जपानी कुस्तीवर बेतलेले. समोरच्याला गोलाबाहेर ढकललं की जिंकलं, इतकं साधं. ज्या कुणी ते मराठीत उतरवले, त्यानं वर ठसठशीत अक्षरांत ‘यंत्रांची कुस्ती’ असं लिहिलं. आता आमच्या भागात कुस्ती म्हटल्यावर शेंबडं पोरसुद्धा पंच असतं. पहिल्या वर्षी सांगलीत एका यंत्रानं दुसऱ्याला गोलाबाहेर नेऊन टाकलं, शिट्टी वाजली, आणि सगळा हॉल उठून उभा राहिला. “आत घ्या, आत घ्या! मधी लावा! भाईर गेलं म्हणून कुणी हारतं व्हय?”

मला कुस्तीतलं ओ की ठो कळत नाही. मी आपली बावळटासारखी नियम वाचून दाखवत होते. पण मुख्य पंच होते एक निवृत्त सुभेदार. साताऱ्याचेच, तरुणपणी तालमीत घुमलेले. त्यांनी शिट्टी खिशात घातली आणि म्हणाले, “लोकांचं बरोबर आहे बाई. पाठ टेकल्याशिवाय निकाल कसला?” त्या दिवशी नियम बदलला. पाठ टेकली की हार. चार शब्द. त्या चार शब्दांनी पुढं आमची इतकी वर्षं खाल्ली.

नियम लिहायचं काम सांगलीच्या एका प्राध्यापकांकडं. इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात. माणूस सज्जन, पदरचं पेट्रोल घालून येणारा. पण त्यांचा एक ठाम समज होता, की नीट लिहिलं तर पळवाट उरतच नाही. एकदा वजनाच्या वेळी एका संघानं यंत्रातली बॅटरी काढून ठेवली, वजन मर्यादेत बसवलं, आणि मग बॅटरी परत घातली. विचारलं तर म्हणे, नियमात ‘यंत्राचं वजन’ असं आहे. बॅटरी हे यंत्र नव्हे, यंत्राचं जेवण. पैलवानाला काट्यावर उभा करताना त्याचा डबा पण ठेवता काय? सुभेदारसाहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. प्राध्यापकांनी मात्र त्यावर तीन पोटनियम लिहिले. ते वाचून पुढच्या वर्षी पोरांनी आणखी दोन वाटा शोधल्या.

खरं सांगू? वाटा शोधणाऱ्या पोरांचा मला कधीच राग आला नाही. ती निदान वाचत तरी होती. राग यायचा तो आमचा. एका पोरानं एक खोडी केली की आम्ही चाळीस शाळांना बांधून टाकायचो. बरं, हे बोलायची सोय नाही. बोललं की, “मग मॅडम, तुम्हीच सुचवा ना दुसरा शब्द.” एकच नियम मी हट्टानं करून घेतला होता. ज्याच्या शाळेचा वाद असेल, त्या समिती सदस्यानं त्या वादात तोंड उघडायचं नाही. कारण एका मुख्याध्यापकांनी स्वतःच्या शाळेसाठी बोलून बोलून आमचा जीव घेतला होता. हा नियम मला पुढं चांगलाच भोवला.

आमच्या संघाची कप्तान तेव्हा दहावीत होती. तिच्या आजोबांची मेंढरं, वडील सैन्यात, आई घर आणि चार एकर कोरडवाहू बघायची. पोरगी अबोल, पण एकदा डोक्यात काही शिरलं की ते बाहेर काढणं कुणाच्या बापाला जमायचं नाही. शाळा सुटल्यावर एकदा ती नियमांची चोपडी घेऊन माझ्या टेबलाशी आली.

“मॅडम, पाठ म्हंजी कंची बाजू वो?”

“वरची.”

“आन् वरची आन् खालची सारखीच आसली तर?”

मी चष्मा काढून ठेवला. डोळ्यांसमोर प्राध्यापक आले, पोटनियम आले, गार पोहे आले. मला मनापासून म्हणावंसं वाटलं की बाई गं, नको, माझ्यावर दया कर. पण ती इतक्या आशेनं बघत होती की मी म्हटलं, “कर.”

तिनं यंत्र केलं ते असं. चपटा पत्र्याचा डबा आणि त्याच्या दोन्ही अंगाला डब्यापेक्षा उंच चाकं. त्यामुळं ते उलटलं तरी चाकांवरच पडायचं आणि तसंच पळायचं. उलटं झालं की पुढं म्हटलं तर मागं जायचं, एवढाच फरक. त्यासाठी ती रोज वर्गातल्या फरशीवर यंत्र मुद्दाम पालथं घालून उलट्या हातानं चालवायचा सराव करायची. संघातल्या बाकीच्या दोघी बाकं सरकवायच्या आणि पाट धरायच्या. शिपाईमामा कुलूप हातात घेऊन दाराशी उभे राहायचे आणि बडबडायचे.

दिवाळीपासून तिचं एकच टुमणं सुरू झालं. “मॅडम, सांगलीची तारीख बदलणार न्हाई न्हवं?” दर दोन दिवसांनी हेच. शेवटी मी वैतागून विचारलं, “अगं, तुला काय करायचंय तारखेचं?” तेव्हा तिनं सांगितलं. वडील कुठंतरी सीमेवर होते. सुट्टीवर यायचे तेव्हा शाळेला सुट्टी, नाहीतर परीक्षा. तिनं पळण्याची शर्यत जिंकली तेव्हा ते नव्हते, भाषणात नंबर आला तेव्हा नव्हते. फोनवर बोलणं म्हणजे जेवलीस का, अभ्यास कर, आईला दे. यंदा त्यांनी वरिष्ठांच्या हातापाया पडून सुट्टी अशी बेतली होती की सांगलीची लढत सुट्टीच्या शेवटच्या दिवशी येत होती. ती बघायची आणि तिथूनच मिरजेला जाऊन संध्याकाळची गाडी धरायची.

“एकदा त्येंनी समोर बसून बघाय पायजे, मॅडम,” ती म्हणाली. “पुढल्या वर्षी मी दहावीच्या भाईर. मग कुठली कुस्ती आन् कुठलं काय.”

पहिल्या नंबरची ढाल तिला नको होती असं नाही. पण पहिलं मागणं हे होतं, आणि मला ते पुरतं कळलं होतं.

आधीच्या फेऱ्या साताऱ्यात झाल्या. तेव्हा वडील अजून आले नव्हते. उपांत्य लढतीत तिचं यंत्र पहिल्यांदाच पालथं पडलं. समोरची पोरं हात वर करून नाचायला लागली, आणि तेवढ्यात तिचं यंत्र तसंच पालथं पळत आलं आणि त्यांचंच उलथून टाकलं. हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. सुभेदारसाहेबांनी मला कोपऱ्यात गाठलं. “बाई, हे काय काढलंय तुमच्या पोरीनं? बिनपाठीचा पैलवान!” हसत होते, पण मला कळलं की आता सांगलीत तमाशा होणार.

सांगलीला आम्ही शाळेच्या ओळखीच्या जीपनं गेलो. मागं तिघी पोरी, यंत्राचं खोकं, आणि तिचे वडील. मायणीपासून तासगावपर्यंत त्या माणसानं तिला यंत्राबद्दल विचारायचा तीनदा प्रयत्न केला. “बॅटरी किती येळ टिकती?” ती म्हणायची, “टिकती.” मग दोघंही खिडकीतून द्राक्षाच्या बागा बघायचे. पायाशी त्यांची मोठी बॅग होती, वर आईनं बांधून दिलेली भाकरी-चटणीची पिशवी.

हॉलवर आधी लहान गटाच्या लढती, मग पाहुण्यांचं भाषण, मग पाहुण्यांचं भाषण किती छान झालं याचं भाषण. जेवणानंतर आमची लढत. समोर शिरवळकडची शाळा. एका कारखान्याच्या मदतीनं बनवलेलं देखणं यंत्र, पुढं लोखंडी सुपली, तिनं समोरच्याला उचलून आपटायचं. पोरं चांगली होती, आमच्या पोरींशी गप्पा मारत होती. सुभेदारसाहेब शिट्टी तोंडाशी नेणार, इतक्यात शिरवळच्या शाळेचे सर उठले.

“माझी हरकत आहे. त्या यंत्राला पाठच नाही. आमच्या पोरांनी पाडायचं तरी काय? अशी लढत आम्ही लढणार नाही.”

लागलीच समितीची बैठक बसली. तिथंच, व्यासपीठावर, सगळ्या लोकांदेखत. मी माझी खुर्ची ओढली आणि प्राध्यापक अगदी मवाळपणे म्हणाले, “मॅडम, तुमची शाळा आहे. नियमाप्रमाणं तुम्ही ऐकायचं फक्त.” मी तोंड मिटून बसले. आपणच खणलेल्या खड्ड्यात, दुसरं काय.

आणि मग सुरू झालं. पाठ म्हणजे पोटाच्या विरुद्ध बाजू, असं एकानं मांडलं. मग पोट कुठलं? बॅटरी असते ते पोट. बॅटरी तर बरोबर मधोमध आहे. मग ज्या बाजूनं जमिनीवर चालतं ते पोट. दोन्ही बाजूंनी चालतं. प्राध्यापकांनी कागदावर यंत्राची आकृती काढली, बाण दाखवले, बाण खोडले. कुणीतरी म्हणालं, खेकड्याला पाठ असते का? असते, दुसरं म्हणालं. मग त्याचा इथं काय संबंध? मी फक्त विचारलं, पहिला म्हणाला. एक गृहस्थ म्हणाले, ज्या बाजूला शाळेचं नाव लिहिलंय ती पाठ समजा. उलटून बघितलं तर पोरींनी नाव दोन्ही बाजूंना लिहिलेलं. मला हसू यायला पाहिजे होतं. पण मी इतकी शिणले होते की नुसती त्या खेकड्याकडं, म्हणजे खेकडा काढणाऱ्या गृहस्थांकडं, बघत राहिले.

तिसऱ्या रांगेत तिचे वडील ताठ बसले होते. पायांत बॅग. मधून मधून मनगट फिरवून घड्याळ बघायचे आणि बघितलंच नाही असं दाखवायचे. एकदा व्यासपीठाच्या पायरीपाशी आले.

“मॅडम, आजून किती येळ लागंल वो?”

मी काय सांगणार, कपाळ! म्हटलं, “होईल आत्ता.” ते “बरं, बरं” म्हणत परत जागेवर गेले. गोल पाटाजवळ पोरगी यंत्र दोन्ही हातांत धरून उभी होती. ती आमच्याकडं बघतच नव्हती. तिचं सगळं लक्ष त्या मनगटाकडं.

उन्हं कलली. शेवटी सुभेदारसाहेब माझ्याकडं वाकले आणि हळूच म्हणाले, “निकाल तुमच्या बाजूनं जातोय, बाई. तपासणीत यंत्र पास झालंय, पाठ असलीच पाहिजे असं कुठं लिहिलेलं नाही. फक्त ते लढणार नाहीत. उठून जातील. म्हणजे ढाल तुमची.”

“आणि उलटा लागला तर?”

“तर तुम्ही बाद. कसंही झालं तरी लढत काय होत नाही आज.”

मी खाली उतरले. पोरीला बाजूला घेतलं आणि सांगितलं की बहुतेक तू जिंकलीस. मला वाटलं ती उडी मारेल. तिनं विचारलं, “म्हंजी कुस्ती लागणार न्हाई?”

“नाही लागणार. पण ढाल तुझी.”

“पप्पा काय बघणार मग?”

ती पंचांच्या टेबलाकडं गेली. पाटाच्या कडेला खुणा करायची लाल चिकटपट्टी तिथं पडली होती. तिचा एक तुकडा तिनं दातानं तोडला, यंत्राच्या एका बाजूला चिकटवला, अंगठ्यानं नीट दाबला आणि यंत्र वर धरून सगळ्या समितीपुढं उभी राहिली.

“सर, ही घ्या पाठ. ही बाजू खाली गेली की टेकली धरा, मी हारले. आता लावा कुस्ती.”

शिरवळचे सर आपल्या पोरांकडं बघायला लागले, आणि पोरं तर केव्हाचीच पाटाशी येऊन उभी होती. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात प्राध्यापकांनी चोपडी उघडली.

“एक मिनिट. तपासणीनंतर यंत्राला कसलाही भाग जोडता येत नाही. नियम अकरा. आता ही चिकटपट्टी हा भाग धरायचा की...”

माझ्या डोक्याची शीर तडकली. इतक्या वर्षांची साठलेली चीड होती, ती सगळी त्या माणसाच्या अंगावर गेली.

“अहो, काय चाललंय काय हे, सर! दुपारपासून तुम्ही सगळे पाठ शोधताय. पोरीनं स्वतःच्या हातानं आणून दिली, हातातली ढाल सोडून दिली तिनं, आणि आता तुम्हाला पाठ पण नको? मग हवंय काय तुम्हाला?”

“मॅडम, तुम्ही बोलू नये. नियम...”

“मीच केलाय तो नियम आणि मीच मोडतेय! काढून टाका मला समितीवरून. उपकार होतील.”

सुभेदारसाहेब माझ्याकडं बघत नव्हते. ते तिसऱ्या रांगेकडं बघत होते, त्या बारीक कापलेल्या केसांकडं आणि त्या बॅगेकडं.

“काय जवान, सुट्टी संपली?”

वडील ताडकन उभे राहिले. “आज संपतीय, साहेब. मिरजेतनं गाडी हाय.”

सुभेदारसाहेबांनी प्राध्यापकांच्या हातातली चोपडी अगदी हळुवार मिटली, टेबलावर ठेवली आणि शिट्टी तोंडात धरली. “जोड लावा,” म्हणाले.

लढत किती वेळ चालली? फार नाही. पहिल्यांदा तिनं समोरच्या यंत्राला बगल दिली, मागून धडकली, त्याची सुपली पाटाला घासत गेली. तिसऱ्या रांगेत बॅग आडवी पडली आणि तो ताठ बसलेला माणूस खुर्चीवर चढून ओरडायला लागला. “सोडू नगं! सोडू नगं त्याला! खालनं घे, खालनं!” अख्ख्या दुपारी ज्याच्या तोंडून धड चार वाक्यं निघाली नव्हती, त्याचा हा आवाज. ती पण ऐकत होती. कानामागं लाल झाली होती आणि हसत होती. मग सुपली खाली शिरली, तिचं यंत्र वर उचललं गेलं आणि लाल पट्टी खाली येऊन पालथं पडलं. शिट्टी वाजली. हारली.

पण यंत्र काही थांबलं नाही. ते चाकांवरच पडलं होतं. तिनं उलट्या हातानं त्याला पाटावर एक पूर्ण फेरी मारायला लावली आणि शिरवळच्या यंत्राजवळ नेऊन अलगद उभं केलं. टाळ्या वाजल्या. वडिलांचं ओरडणं चालूच होतं. कुणीतरी त्यांना सांगितलं की अहो, संपली कुस्ती, हारली तुमची पोरगी. ते खुर्चीवरून उतरून पाटाजवळ आले.

“हारली? आवं, पळतीया की आजून! मग हारली कशी?”

त्यांनी मला विचारलं. मी प्राध्यापकांकडं बघितलं, प्राध्यापकांनी चोपडीकडं. भांडायचं म्हणून विचारत नव्हते ते, खरंच कळलं नव्हतं त्यांना. सुभेदारसाहेब म्हणाले, “जवान, गाडी चुकेल.” तेव्हा त्यांना भान आलं. त्यांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, बॅग उचलली, भाकरीची पिशवी विसरले, ती तिनं पळत जाऊन दिली. हॉलच्या फाटकातून रिक्षा निघून गेली.

पुढच्या बैठकीत पाठीचा नियम झालाच, हे सांगायला नको. प्रत्येक यंत्राला ठळक रंगाची पाठ असणं सक्तीचं, पट्टीची लांबी-रुंदी, चिकटवायची जागा, सगळं. मला समितीवरून कुणी काढलं नाही. एवढं नशीब कुठलं. त्या नियमाच्या बाजूनं मी हात वर केला नाही आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

पण लढतीच्या त्या संध्याकाळी जीपमधून परत येताना मी पोरीला बरंच बोलले. दुसऱ्या नंबरची छोटी ढाल तिच्या मांडीवर होती. “अगं, ढाल हातात आलेली सोडलीस. बाकीच्या दोघींचा विचार केलास का? दहावीचं शेवटचं वर्ष तुझं.” दोघी म्हणाल्या, “आमाला चालतंय, मॅडम.” तासगाव मागं पडलं तेव्हा माझा फोन वाजला. तिचे वडील. मी घाबरले, गाडी चुकली की काय.

“न्हाई, न्हाई, गाडी कुठली चुकतीया,” ते म्हणाले. “गाडीच लेट हाय. फलाटावर बसलोय. दोन तास तरी येत न्हाई म्हणत्यात.”

मला रडावं की हसावं कळेना. दोन तास! म्हणजे त्या खेकड्याचा निकाल लागेपर्यंत थांबता आलं असतं. शिरवळच्या सरांची समजूत घालता आली असती, पट्टी न चिकटवता लढत लावता आली असती, सगळंच झालं असतं. मी रेल्वेला, समितीला आणि स्वतःला मनातल्या मनात शिव्या घातल्या. चेहरा पाडून फोन तिच्याकडं दिला. म्हटलं, आता ही रडणार.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “आसूं दे की लेट. तुमी बघून गेला न्हवं.” आणि मग जरा थांबून, “न्हाई पप्पा, आसं न्हवं. थांबा, पैल्यापास्नं सांगते. पाठ टेकली की हार, आसा नेम हाय.”

आणि ती सांगायला लागली. तेल, तूप, साबण. बॅटरी म्हणजे जेवण. वरची बाजू, खालची बाजू, उंच चाकं, उलटा हात. मी तिला इतकं बोलताना कधीच ऐकलं नव्हतं, आणि तिच्या बापानंही ऐकलं नसणार. मध्येच ती थांबायची, त्यांचं ऐकायची, खळखळून हसायची आणि परत सुरू. विटा आलं, आम्ही चहाला उतरलो, ती जीपमध्येच बसून बोलत होती. तिचा चहा मी खिडकीतून आत दिला. मिरजेच्या फलाटावर एक माणूस गाडीची वाट बघत, ज्या नियमांनी माझी इतकी वर्षं खाल्ली ते सगळे एकेक करून ऐकत होता.

मायणीच्या पुढं माझ्या फोनची बॅटरी संपत आली, तेव्हा तिनं आवाज मोठा केला आणि फोन माझ्यापुढं धरला. “मॅडम, आता तुमीच सांगा. सगळं सांगितलं, तरी पप्पांना पटंना.”

मी हॅलो म्हणायच्या आत पलीकडून आवाज आला, “व्हय, ते समदं कळलं गं. पन पळत हुती न्हवं आजून?”